आधी तीन नावं, मग विनोद

पोरी,

तुझा मेसेज वाचला. रेडिओवरचा जुन्या गाण्यांचा तास तुझ्याकडे आला, आणि लगेच साहेबाची तंबी मिळाली की लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, वीस सेकंदांची, त्यात एक विनोद हवाच, नावंबिवं नकोत, ती कोणाला हवी असतात! आता नोकरी धरू की सोडून पॉडकास्ट काढू, असं विचारतेस. ते मला विचारू नकोस, घरभाडं तू भरतेस. मी एवढंच सांगेन: गाण्याआधी तीन नावं घे. गायक, गीतकार, संगीतकार.

म्हणे कोणाला हवी असतात! १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. ते पडद्यावर मधुबालाचं नाव. गाणं रेडिओवर लागलं आणि श्रोत्यांची पत्रं सुरू झाली, ही गाणारी कोण? शेवटी रेकॉर्ड कंपनीकडून नाव मागवावं लागलं आणि मग लता मंगेशकर हे नाव रेडिओवर सांगितलं गेलं. नाव श्रोत्यांनी भांडून मिळवलंय, बाई. ते तू फुकट घालवू नकोस.

विनोद कर की, कोण नको म्हणतंय? रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे अमीन सायानी काय तोंड पाडून बोलायचे? १९५२ला आकाशवाणीने सिनेमाच्या गाण्यांना दार लावलं, म्हणून आख्खा देश बुधवारी रात्री सिलोनला कान लावून बसायचा. आमच्याकडे शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा नि जायचा. नेमकं नाव खरखरीत गेलं की दुसऱ्या दिवशी पानटपरीवर तलत की रफी यावरून हमरीतुमरी. ‘बहनो और भाइयो’ची नक्कल आज कोणीही करतं, त्या माणसाची गाण्यामागची तयारी कोण करतं? फेब्रुवारी २०२४मध्ये ते गेले. त्यांना लिहायचं पत्र माझ्याकडून राहूनच गेलं, त्याची रुखरुख आहे.

मी नैमित्तिक उद्घोषक म्हणूनच संपलो, कायम झालो नाही. पुढे एका खाजगी स्टेशनवर म्हणाले, काका, लांबतंय. मी तरी तीन नावं घेतच राहिलो, मग त्यांनी बोलावणं बंद केलं. हेकट म्हणतात मला. म्हणू देत. केळीच्या मळ्यात निंदणी करणारी एक आजी ट्रान्झिस्टर बांधावर ठेवून ऐकायची. मला रस्त्यात गाठून विचारलंन, “हाई गानं कोनी म्हनेल शे रे?” त्या दिवशी घाईत निवेदन गाळलं होतं दुसऱ्या कोणीतरी, आणि जाब मला! अशा श्रोत्याला तुझा साहेब नुसता विनोद ऐकवणार?

घड्याळ लावून बघ: “आवाज लता मंगेशकर, गीत नक्शब, संगीत खेमचंद प्रकाश.” पाच-सहा सेकंद. उरलेल्या चौदात हसव लोकांना, कोण अडवतंय? फक्त सुरुवातीच्या वाद्यांवर बडबडू नकोस. गाणं सुरू झालं की माईक बंद.

नावं नेटवरून आंधळेपणाने उचलू नकोस, तिथे गीतकार सर्रास चुकलेले असतात. तबकडीचा किंवा कॅसेटचा फोटो शोध. उद्याची क्यू शीट, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी, रात्री पाठव. गीतकाराचा रकाना कोरा दिसला तर फोन करीन, आणि गोड बोलणार नाही.