जपानच्या एलडीपीत एवढे गट असताना पक्ष इतकी वर्षं सत्तेत कसा राहिला?

‘गट असूनही’ कसला, माझ्या मते बऱ्याच अंशी गटांमुळेच राहिला. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष (एलडीपी) मुळात १९५५ मध्ये दोन पक्षांची मोट बांधूनच झालाय.

पण गट पोसले ते मतदान पद्धतीने. १९९३ पर्यंत एका मतदारसंघातून साधारण तीन ते पाच खासदार निवडून यायचे, मतदाराला मत मात्र एकच. बहुमत हवं तर एकाच जागी दोन-तीन उमेदवार उभे करावे लागत, म्हणजे खरी लढत स्वपक्षीयाशीच. पक्ष कोणा एकाची बाजू कशी घेणार? मग तिकीट, पैसा, प्रचार यांसाठी उमेदवार गटनेत्याचा आसरा घ्यायचा आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत त्याच्या मागे उभा राहायचा. अध्यक्ष तोच पंतप्रधान, आणि मंत्रिपदं गटांच्या ताकदीप्रमाणे. आपल्याकडची गटबाजी कोणी कबूल करत नाही. तिथे गटाचं कार्यालय, सदस्ययादी, दर गुरुवारी दुपारी जेवणासह बैठक! उन्हाळ्यात ‘बर्फाचे पैसे’ आणि वर्षअखेरीस ‘मोचीचे (तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांचे) पैसे’ गटाकडून खासदारांना मिळायचे ते वेगळेच.

याचा फायदा असा की एक नेता बदनाम झाला की दुसऱ्या गटाचा पुढे करायचा. पैशांच्या प्रकरणात १९७४ मध्ये पंतप्रधान काकुएई तानाका गेले, स्वच्छ प्रतिमेचे मिकी आले. सरकार बदलल्यासारखं वाटलं, पक्ष तोच. तानाका तरी कुठे संपले? लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीच्या लाच प्रकरणात १९७६ मध्ये अटक झाली, पक्ष सोडला, पण सर्वांत मोठा गट त्यांच्याच मुठीत. १९८२ मध्ये नाकासोने पंतप्रधान झाले, तर लोक त्या सरकारला ‘तानाकासोने’ म्हणून चिडवत.

१९९३ मध्ये मात्र ओझावा आणि हाता या नेत्यांचा गट पक्षातून बाहेर पडला आणि सत्ता गेली. पुढच्याच वर्षी निवडणूक सुधारणा होऊन एकसदस्यीय मतदारसंघ आले, गटांचा जोर ओसरला.

२०२३ च्या अखेरीस गटांच्या निधीसंकलनातला हिशेबाबाहेरचा पैसा उघडकीस आला. तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांनी जानेवारी २०२४ मध्ये स्वतःचा, १९५७ पासूनचा कोचिकाई गट मोडीत काढायचं जाहीर केलं. आबे आणि निकाई गटही त्याच वाटेने गेले. माजी पंतप्रधान आसोंनी मात्र आपला गट मोडला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत साने ताकाइचींच्या विजयात त्यांचं वजन निर्णायक ठरलं असं मानतात. लगेच आसो पक्षाचे उपाध्यक्ष झाले आणि सरचिटणीसपद त्यांचेच मेहुणे शुनिची सुझुकी यांच्याकडे गेलं.