गणिताच्या वहीची मागची पानं

प्रिय बेटा,

तुझा मेसेज रात्री साडेदहाला आला. "मॅडम, सायन्स सोडून आर्ट्स घेऊ का? प्रॅक्टिसले टाइमच भेटत नाही." एवढंच. मोबाईलवर उत्तर टाइप करायला बसले असते तर अंगठा दुखून अर्ध्यावरच थांबले असते. म्हणून कागद घेतला. तुझा भाऊ उद्या दूध घालायला येईल, त्याच्या हाती पाठवते.

आधी एक कबुली देते. मागच्या महिन्यात तू आमच्या छपरीत दप्तर विसरून गेलीस, तेव्हा तुझी गणिताची वही बाहेर पडली होती आणि मी ती चाळली. तीस वर्षं पीटी शिकवली तरी दुसऱ्याची वही उघडायची खोड काही गेली नाही. पुढच्या पानांवर गणितं आहेत, तीही अर्धवट. मागून उघडली तर मात्र मी तशीच उभी राहिले. पट्टीनं आखलेलं कबड्डीचं मैदान, १२ सेंटिमीटर बाय ८. म्हणजे मुलींच्या मैदानाचं माप तू मीटरचं सेंटिमीटर करून घेतलंस. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा, सगळं जागच्या जागी. त्यावर बाण. आणि खाली बारीक अक्षरात: "दिग्रस, ७ नंबर. आपण सहाजणी असलो की बोनसले येते, डावा पाय. पाय परत ओढायच्या आधी टाच टेकवते. पाचजणी उरलो की बोनस नाही, मग कव्हरवर येते."

हे तुला मी शिकवलं नाही. बोनसचा नियम, म्हणजे समोर सहा किंवा जास्त जणी असताना चढाईवालीनं बोनस रेषा ओलांडली की एक गुण, तो शिकवला असेन. पण नियमामुळे समोरची पोरगी कशी वागते, हे तू स्वतः पाहिलंस.

मग मला दारव्ह्याचा तो सामना आठवला. रात्री पाऊस पडून गेलेला, मैदानावर मुरूम टाकूनही काळी माती वर आलेली. तू उजव्या कोपऱ्यात. त्या सात नंबरनं दोन वेळा बोनस नेला आणि तू जागची हलली नाहीस. मी बाहेरून ओरडत होते, "अगं पकड ना, काहून उभी आहेस!" तिसऱ्यांदा ती आली, डावा पाय टाकला, टाच टेकली, आणि तू खाली बसलीस ते तिचा घोटा दोन्ही हातांत घेऊनच. ती मध्यरेषेकडे ओढत राहिली, तोवर कव्हरवाल्या, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभ्या असणाऱ्या, दोघी येऊन पडल्या. सामना आपण चार गुणांनी हरलो. घरी येताना बसमध्ये सगळ्याजणी रडत होत्या आणि तू खिडकीला टेकून काहीतरी लिहीत होतीस. तेव्हा वाटलं होतं, होमवर्क असेल.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तू लिहिलं नाहीस, पण सायन्स सोडायच्या मागे काय आहे ते मला ठाऊक आहे. तुला टीव्हीवर दिसायचं आहे. त्यात चूक काही नाही. फक्त रस्ता कसा आहे तो बघून घे. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली, ती पोरांची. २०१६ मध्ये बायकांचे तीन संघ करून एक स्पर्धा घेतली होती, ती पुढे चालली नाही. म्हणजे तुझ्या वर्गातल्या पोराला जो रस्ता दिसतो, तो तुझ्यासाठी अजून कोणी नीट बांधलेला नाही. मला याचा राग येतो, तुलाही येऊ दे. पण राग आला म्हणून तालुक्याच्या कॉलेजातला प्रवेश बदलायचा नसतो.

रस्ता अजिबातच नाही असंही नाही. आपल्याकडून मुली १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत अमरावती विभागातून राज्याला जातात. कबड्डी संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, म्हणजे आपल्या मुलींना मुंबई-पुण्याच्या मुलींशी एकाच संघातल्या जागेसाठी झगडावं लागत नाही. आशियाई स्पर्धेत बायकांची कबड्डी २०१० पासून आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या फायनलमध्ये आपल्या बायकांनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवलं. एका गुणानं! त्या दिवशी मी टीव्हीसमोर उभ्यानं चहा घेतला.

मला मात्र तुला त्याच्या आधीच्या, हरलेल्या फायनलबद्दल सांगायचं आहे. २०१८, जकार्ता. इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ नं हरवलं. त्या इराणच्या संघाची प्रशिक्षक कोण होती? शैलजा जैन, आपल्या महाराष्ट्राच्या, नाशिकच्या. परक्या देशात जाऊन, परक्या भाषेतल्या मुलींना आपला खेळ शिकवून आपल्यालाच हरवलं. गावात कोणी म्हणेल, हे काय देशप्रेम? म्हणू दे. मी त्या बाईंकडे पाहते तेव्हा मला तुझी वही दिसते. समोरची पोरगी कुठे टाच टेकवते हे ज्याला दिसतं, त्याच्यासाठी या खेळात बरीच कामं आहेत. पाटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचा डिप्लोमा असतो. बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी असते. पंच व्हायची परीक्षा असते. मोडलेले गुडघे उभे करणारी फिजिओथेरपी असते, आणि तिच्यासाठी बारावीला बायोलॉजी लागतं. आता आर्ट्सचा विचार परत कर.

आर्ट्स वाईट नाही. खेळाडू म्हणजे आर्ट्स, ढ म्हणजे आर्ट्स, असं म्हणणाऱ्यांचा मला वीट आला आहे. फिजिक्स तुला खरंच नको असेल तर सोड, मी तुझ्या बाजूनं बोलेन. पण वेळ मिळत नाही म्हणून सोडणार असशील तर तुझा वेळ फिजिक्स खात नाही. तो बस खाते. मुलींसाठीची मानव विकास योजनेची निळी बस पाच वाजता सुटते आणि तुझी प्रॅक्टिस सव्वाचारला सुरू होते, हे खरं दुखणं आहे. त्यावर आपण उपाय काढू, प्राचार्यांशी मी बोलते. कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलींना सकाळी अर्धा तास मिळाला तरी पुरतो. दम आणि धावणं तू गावातच कर. पांदणीनं शाळेपर्यंत नि परत.

धावण्याचा आणखी एक उपयोग आहे. तुझ्या आईला पोलीस भरती समजते, तिला ती सांग. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीला ५० गुण, लेखीला १००. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हे तुझं स्वप्न नाही, माहीत आहे. पण घरात खेळाला परवानगी टिकवायची असेल तर घरातल्यांना कळेल असं काहीतरी हातात असावं लागतं. उमेश यादवचं उदाहरण तुला सगळेच देतात, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा टेस्ट खेळला म्हणून. त्याला आधी पोलीस व्हायचं होतं, हे सांगायचं मात्र सगळे विसरतात.

कागदांचं सांगते, कारण यात मी स्वतः मार खाल्ला आहे. मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या शिबिराला माझी निवड झाली होती. पत्र आलं, आणि ते एका कपाटात आठ दिवस पडून राहिलं. माझ्या हातात आलं तेव्हा शिबिर संपायला एक दिवस होता. वर्षभर मी मैदानाकडे फिरकले नाही, नुसता फुगा करून बसले. तेव्हा कोणावर तरी रागावणं सोपं होतं, स्वतः ऑफिसात जाऊन विचारणं अवघड. तू विचार. दर आठवड्याला विचार, क्लार्क वैतागला तरी. आणि गावोगावच्या रात्रीच्या सामन्यांत मिळालेली सर्टिफिकेटं, ढाली भिंतीवर लाव, पण त्यांच्यावर आरक्षण मिळत नाही. चालतं ते शालेय स्पर्धेचं किंवा मान्यताप्राप्त संघटनेचं, आणि त्याचीही क्रीडा खात्याकडून पडताळणी करावी लागते. जाहिरात निघाल्यावर त्यामागे पळणारी पोरं मी दरवर्षी पाहते. मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, पेटीत, आईच्या लुगड्यांखाली ठेव.

वजनी गटाच्या सामन्यासाठी मागे तू दोन दिवस नुसत्या ताकावर राहिलीस, ते मला तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं. परत करू नको. ग्रामीण रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. चढाईला दम पुरत नाही म्हणून तू रडतेस, तो दम रक्तात असतो गं. शेंगदाणे, फुटाणे, तुरीचं वरण, हिरवी भाजी घरात आहे, तीच खा. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, ते अंग सांगेल तसं ठरव, मैत्रिणी काय म्हणतात त्यावर नाही. गुडघा दुखला तर मालिशवाल्याकडे जाऊ नको, माझ्याकडे ये.

आणि मॅटची सवय कर. आपण मातीत अनवाणी खेळतो, अंगठ्यानं जमीन धरतो. मोठ्या स्पर्धा मॅटवर असतात, पायात बूट असतात. पहिल्यांदा मॅटवर उतरलेली आपली मुलगी दोन कारणांनी मार खाते. बुटामुळे घोटा झाकलेला असतो, हात बसत नाही. आणि बूट मॅटला असा चिकटतो की पाय थांबतो नि गुडघा पुढे फिरतो. माझ्याकडे जुन्या बुटांचे दोन जोड आहेत, तुझ्या मापाला एक बसेल.

तुझी आई परवा बाजारात भेटली. म्हणाली, "मॅडम, पोरगी खेयते त बरं वाटते. पन लग्नाच्या वक्ती गुडघा मोडलेला असन त कोन करन?" मी काही बोलले नाही. कपाशी फुटली आहे, तू वेचायला गेलीस तर दिवसाचे दोन पैसे घरात येतात, हेही त्या बोलण्यात होतं. त्या माउलीला दोष देऊ नको. वेचणीच्या दिवसांत रविवारी प्रॅक्टिस बंद ठेव, तिच्यासोबत शेतात जा, आणि तेव्हाच विभागाच्या स्पर्धेचं सांग. समोरासमोर बसून सांगितलेलं तिला पटणार नाही, कपाशीच्या ओळीत वाकून वेचताना सांगितलेलं पटेल.

शनिवारी ये. बस चुकली तरी चालेल, मी स्कूटीवर सोडून देईन. वही घेऊन ये. सात नंबरच्या पानावर तू एक बाण उलटा काढला आहेस. ती परत फिरते ते डावीकडून नाही.

तुझी,
पीटीच्या मॅडम