ब्रेक ऑइलचे साडेतेराशे वाचवायचे का?

प्रश्न: मी चिपळूणला राहतो, वय ६४, निवृत्त शिक्षक. माझ्याकडे २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी आजवर जेमतेम ३४,००० किमी चालली आहे. गावातली कामं आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा मुलीकडे कराडला, एवढाच वापर. यंदाच्या सर्व्हिसिंगचं ८,९०० रुपयांचं इस्टिमेट आलं आहे. त्यात नेहमीची सर्व्हिस ३,९००, ब्रेक ऑइल बदलणे १,३५०, इंजेक्टर क्लीनिंग १,२५०, एसीचं निर्जंतुकीकरण ९५० आणि कोटिंग १,४५०. ब्रेक ऑइल ४०,००० किमीला बदलायचं असतं, माझी गाडी अजून तिथवर गेलेलीच नाही. ब्रेक उत्तम लागतात. दीडेक वर्षात गाडी विकायचीही आहे. तेव्हा हे १,३५० रुपये नातीच्या नावाने म्युच्युअल फंडात टाकले, तर १२ टक्क्यांनी दहा वर्षांत चार हजारांच्या वर जातील. शिवाय १८,५०० रुपये एकरकमी भरून तीन वर्षांचं सर्व्हिस पॅकेज घ्या, असा आग्रह चालला आहे. काय करावं?

उत्तर:

नमस्कार सर. तुमची आकडेमोड चोख आहे. १,३५० रुपयांचे दहा वर्षांत ४,१९३ होतात. १२ टक्के कोणी लिहून देत नाही, पण ते आज सोडून देऊ. माझी हरकत वेगळीच आहे. कात्री लावायला तुम्ही नेमकी नको ती ओळ निवडलीत. या इस्टिमेटमधून ३,६५० रुपये बिनधास्त कापता येतात आणि त्यात ब्रेक ऑइल येत नाही.

गाडीबरोबर आलेली पुस्तिका पुन्हा एकदा काढून बघा. बऱ्याच कंपन्या ४०,००० किमीच्या शेजारी दोन वर्षांची मुदतही छापतात आणि पुढे ‘जे आधी होईल ते’ असं म्हणतात. तुमच्यासारख्या कमी गाडी चालवणाऱ्यांच्या बाबतीत किलोमीटर कधीच आधी होत नाहीत, वर्षं होतात. इंजिन ऑइल गाडी चालवल्याने झिजतं म्हणावं, तर ब्रेक ऑइलचं तसं नाही. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. रबरी नळ्यांतून, गाडीतल्या ऑइलच्या डबीच्या झाकणातून थोडा थोडा ओलावा आत जात राहतो, गाडी पळो की पोर्चमध्ये उभी असो. आणि चिपळूणच्या हवेबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं! श्रावणात डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर पापडाचं काय होतं, ते घरात विचारा.

आता हा ओलावा करतो काय? बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल असतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की मानकाप्रमाणे ही हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. गावात बाजारपेठेतून घरी येताना ब्रेक एवढे तापतच नाहीत, म्हणून ‘ब्रेक उत्तम लागतात’ हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण कराडहून परत येताना कोयनानगर, हेळवाक मागे टाकून तुम्ही कुंभार्ली घाट उतरू लागता. पोफळी येईपर्यंत उतारच उतार. पुढे लोड भरलेला ट्रक, मागून एसटी, आणि पाय सतत ब्रेकवर. अशा वेळी चाकाजवळचं ऑइल उकळलं तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल थेट खाली जातं आणि चाकाला जोर पोचतच नाही. ब्रेक थंड झाले की सगळं पुन्हा ठीक. म्हणूनच आधी काही कळत नाही आणि नंतर गॅरेजवालाही म्हणतो, ‘काही दोष दिसत नाही’. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनलाच गाडी धरू द्या, हे तर आहेच. पण ते ऑइल बदलण्याला पर्याय नाही.

जुन्या बिलांत ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ असं लिहिलेलं आढळलं, तर त्यावर समाधान मानू नका. ब्रेक पॅड झिजतात तशी डबीतली पातळी थोडी उतरते आणि वरून चमचाभर नवं ऑइल घातलं जातं. खालचं जुनं ऑइल होतं तिथेच राहतं. २०१८ पासून एकाही बिलावर पूर्ण बदलल्याची नोंद नसेल, तर आता ते नव्याने भरण्याची वेळ कधीच उलटून गेली आहे. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात तुमची गाडी पाण्यात उभी होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चाकं बुडाली असतील आणि त्यानंतर ऑइल बदललं नसेल, तर सर्व्हिसिंगची वाट न पाहता याच आठवड्यात बदलून घ्या.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पैशांकडे येतो. १,३५० रुपये दोन वर्षांवर पसरले तर महिन्याला ५६ रुपये पडतात. ते वाचवून समोर काय उभं राहतं ते बघा. ओलाव्याने मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, कॅलिपर हे ब्रेकचे भाग आतून गंजतात. ती दुरुस्ती हजारांत जाते, आणि एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं युनिट बिघडलं तर दहा हजारांच्या पटीत. (एबीएस एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं; तुमच्या २०१८ च्या गाडीत असेलही, नसेलही.) यातलं काहीही विमा भरून देत नाही. मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड स्पष्टपणे वगळलेले असतात. ‘कन्झ्युमेबल्स’ नावाचं जादा कव्हर घेतलं असेल, तर त्यात ब्रेक ऑइल येतं, पण अपघातानंतरच्या दुरुस्तीपुरतंच. शिवाय गाडी चांगल्या स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, अशी अट त्याच पॉलिसीत असते. ही अट सहसा कोणी वाचत नाही.

समजा घाटात पुढच्या गाडीला नुसता धक्का लागला. तुमच्या गाडीचा बंपर, दिवा, बॉनेट एवढंच गेलं. तुम्ही क्लेम केलात. आजवर क्लेम केला नसेल तर तुम्हाला सध्या ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सवलत मिळत असणार. तो एका क्लेमने शून्यावर येतो आणि पुढे क्लेम केला नाही तर २०, २५, ३५, ४५ असा चढत सहाव्या नूतनीकरणाला पुन्हा ५० वर पोचतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ५,००० रुपये धरू, आणि हिशोब सोपा राहावा म्हणून तो दरवर्षी तेवढाच धरू. पहिल्या वर्षी सवलत बुडाली २,५०० रुपयांची, मग १,५००, १,२५०, ७५० आणि २५०. एकूण ६,२५० रुपये. शिवाय छोट्या गाडीला दर क्लेममागे पहिले १,००० रुपये खिशातून भरावे लागतात, ते वेगळेच. ही गाडी विकून दुसरी घेतलीत तरी बोनस तुमच्या नावावर पुढे जातो, म्हणजे तो गमावल्याचा फटकाही पुढच्या गाडीवर बसतो. माणसाला लागलं-दुखलं तर काय, हा हिशोब मी मांडतच नाही.

गाडी विकायची आहे, हा तुमचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. पुढच्याच महिन्यात विकणार असता तर पैशांच्या बाजूने मी तुमच्याशी सहमत झालो असतो. ब्रेक ऑइल नवं आहे म्हणून जुन्या गाडीला कोणी दोन हजार जास्त देत नाही. मग मी इतकंच म्हटलं असतं की घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा. पण दीड वर्ष म्हणजे अजून एक अख्खा पावसाळा आणि कराडच्या सहा-सात खेपा. तेवढा काळ गाडीत तुम्हीच बसणार आहात, कधी नातही असेल.

भाव मात्र करा. नव्या ऑइलची अर्धा लिटरची डबी साधारण दोन-तीनशे रुपयांत मिळते, बाकी मजुरी. विश्वासातला बाहेरचा मेकॅनिक हे काम कमीत करून देतो आणि वॉरंटी संपलेल्या गाडीला तिकडे नेण्यात काही गैर नाही. फक्त काम होताना तिथे उभे राहा. काही ठिकाणी सिरिंजने वरच्या डबीतलं ऑइल काढतात, नवं ओततात आणि पाच मिनिटांत ‘झालं सर’ म्हणतात. असं केलं की चाकांजवळचं, म्हणजे सगळ्यात तापणारं ऑइल जुनंच राहतं. नीट काम असं असतं: चारही चाकांना एकेक करून निपलला (ऑइल बाहेर सोडायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावायची, एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा. नळीतून आधी चहासारखं काळपट ऑइल येतं, मग हळूहळू फिकट पिवळं. पिवळं आलं की पुढचं चाक. याला पाऊण तास तरी लागतो. डबी सीलबंद असावी आणि तुमच्यासमोर फोडलेली असावी; शेल्फवर महिनाभर अर्धी उघडी पडलेली नको. डॉटचा आकडा गाडीतल्या डबीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत असतो, तोच घ्या. ‘पेन’ लावून ओलावा मोजून दाखवला तर बघा, पण तुमच्या बाबतीत त्याची गरज नाही.

उरलेल्या तीन ओळींवर फार वेळ घालवत नाही. पिकअप ठीक आहे, मायलेज पडलेलं नाही, तर इंजेक्टर क्लीनिंग कशाला? एसीला वास येत नसेल तर निर्जंतुकीकरण राहू द्या, फिल्टर तेवढा साफ करून घ्या. आणि विकायला काढलेल्या गाडीला कोटिंग! यंदाचं बिल ५,२५० व्हायला हवं. वाचलेले ३,६५० रुपये नातीच्या फंडात खुशाल टाका. तुमचाच १२ टक्क्यांचा दर लावला तर दहा वर्षांत ते अकरा हजारांच्या पुढे जातात.

पॅकेजला नाही म्हणा. दीड वर्षात गाडी जाणार असेल, तर तीन वर्षांचे पैसे आज भरायचे कशाला? गाडी विकल्यावर उरलेली सर्व्हिस नव्या मालकाला मिळते की पैसे परत मिळतात, ते लेखी विचारलंत तर उत्तरातच सगळं कळेल. त्यात ब्रेक ऑइल धरलं आहे की नाही, हेही विचारा, पुष्कळदा नसतं.

त्यापेक्षा गाडीसाठी एक वेगळी आवर्ती ठेव उघडा. वर्षाची सर्व्हिस ४,०००, विमा ७,०००, टायर पाच वर्षांनी १६,००० म्हणजे वर्षाला ३,२००, बॅटरी चार वर्षांनी ४,८०० म्हणजे १,२००, ब्रेक ऑइलचे ६७५, पॅड-वायपर असल्या किरकोळीला २,०००. बेरीज १८,०७५, म्हणजे महिन्याला दीड हजार. आकडे तुमच्या बिलांप्रमाणे बदलून घ्या. बारा महिन्यांची ठेव विम्याच्या नूतनीकरणाच्या आधल्या महिन्यात संपेल अशी बेता. ज्येष्ठ नागरिक म्हणून बहुतेक बँका तुम्हाला थोडा जास्त दरही देतील. त्या वर्षी न लागलेली टायर-बॅटरीची रक्कम काढून खर्चू नका, पुढच्या ठेवीत भरा. दुसरी गाडी घेतलीत तर ती तिच्या कामी येईल.

आणि बिलावर ‘ब्रेक ऑइल बदलले’ एवढंच नको. डॉटचा दर्जा, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या, म्हणजे दीड वर्षाने घेणाऱ्याच्या हातात तो कागद देता येईल.