माळ आणि उपरणं

‘ताई, धर्माचा विषय निघाला की घरात ताटं आपटतात. पोराशी बोलायचं तरी कसं?’ हल्ली हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील वाढले आहेत. त्यातली एक हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका 67 वर्षांचे. गळ्यात तुळशीची माळ, तीस वर्षं पायी वारी. मुलगा 27चा. पदवी घेऊन चार वर्षं नोकरी शोधली आणि आता तो एका स्थानिक नेत्याबरोबर फिरतो. गळ्यात पक्षाचं उपरणं, रोज मिरवणुका नाहीतर महाआरत्या. एकदा तो म्हणाला, ‘बाबा, तुमच्या टाळांनी धर्म टिकणार नाही, त्याला सत्ता लागते.’ त्या दिवसापासून काकांनी मोठ्यानं हरिपाठ म्हणणं सोडलं. मला भांडणापेक्षा या गप्प होण्याची जास्त काळजी वाटली.

पहिल्या भेटींत काका वादच मांडत राहिले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं झालं. ‘गुरुजींच्या हाती कुठली सत्ता होती?’ त्यावर पोराचं उत्तर तयार असे : ‘मग आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री का करतात?’ काका म्हणत, ‘शेजारी दर्शनरांगेतलं वारकरी जोडपंही असतं.’ दोघांकडेही खरे दाखले होते, त्यामुळे हा वाद रात्रभर चालला असता तरी कुणी हरलं नसतं.

मी काकांना विचारलं, धर्म म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? ‘चंद्रभागेचं वाळवंट. आणि कोण कुठला माणूस, मी त्याच्या पाया पडतो, तो माझ्या पडतो.’

मुलगा खूप मिनतवाऱ्यांनंतर एकटा आला. तोच प्रश्न. बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘चौकात लोक मला दादा म्हणतात. आधी कुणी विचारत नव्हतं.’

त्याची श्रद्धा खोटी आहे असं मला मुळीच वाटलं नाही. पण धर्माच्या नावानं त्याला मिळालेला मान नेत्याच्या मर्जीवर टिकून होता. वारीत कुणीही कुणाच्या पाया पडतं, नेत्याच्या दारात मात्र कुणी वाकायचं हे आधीच ठरलेलं असतं. माझ्या मते धर्म सत्तेच्या जवळ गेला की पहिल्यांदा बिघडतं ते हेच. पण हे मी त्या पोराला सांगितलं नाही. त्याला उपदेश देणारे पुष्कळ होते, चार वर्षं कशी गेली हे विचारणारं कुणी नव्हतं. आम्ही तेवढंच बोललो.

काकांना मी तीन गोष्टी सुचवल्या. जेवताना नेत्याचं नाव काढायचं नाही. पोराला ‘भाडोत्री’ म्हणालात, त्याची माफी मागायची. आणि हरिपाठ ठरल्या वेळी, पूर्वीच्याच आवाजात म्हणायचा. त्याला बोलवायचं नाही, टोमणाही मारायचा नाही. माफी त्यांना फार जड गेली. वारीत अनोळखी माणसाच्या पाया पडणं सोपं होतं, म्हणाले.

मुलगा अजून मिरवणुकांना जातो. मध्यंतरी महापूजेवरून पुन्हा जुंपली, पण ताटं आपटली नाहीत. हरिपाठाला तो बसत नाही. तेवढ्या वेळापुरता टीव्हीचा आवाज मात्र स्वतःहून कमी करतो.