अकरा पुस्तकं, एकेकच प्रत आणि झेरॉक्सवाल्याचा नकार

तुझी अडचण थोडक्यात अशी: एम.ए. अर्थशास्त्राचं पहिलं वर्ष, सरांनी अकरा पुस्तकांची यादी दिलीये, लायब्ररीत प्रत्येकाची एकच प्रत, तीही घरी मिळत नाही. आणि कॉलेजबाहेरचा झेरॉक्सवाला 'पुस्तकाची झेरॉक्स म्हणजे गुन्हा' म्हणून हात वर करतोय.

झेरॉक्सवाल्याने अर्धवटच ऐकलंय. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला होता. वेगवेगळ्या पुस्तकांतली नेमलेली पानं एकत्र बांधून हे दुकान विद्यार्थ्यांना विकायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. प्रकाशक अपिलात गेले, तर डिसेंबरात त्याच न्यायालयाच्या खंडपीठानेही कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ कडे बोट दाखवलं: शिकवण्यासाठी लागेल तेवढ्याची प्रत काढता येते. अख्ख्या पुस्तकाचं काय, हा मुद्दा मात्र पुन्हा सुनावणीला पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला आणि तो मुद्दा लोंबकळत राहिला. म्हणून नेमलेली प्रकरणं काढ, सबंध पुस्तक नको.

पण त्याआधी सरांना गाठ आणि विचार, कुठल्या घटकाला कुठलं प्रकरण. बऱ्याच याद्या जुन्या अभ्यासक्रमातून जशाच्या तशा उतरवलेल्या असतात (हे सरांपुढे बोलू नकोस). मी मोठ्या उत्साहाने सगळीच यादी विकत घेतली होती. वर्षाअखेरीस अप्पा बळवंत चौकात विकायला नेली, तर दुकानदाराने दोन पुस्तकं उघडून वास घेतला आणि म्हणाला, "ही उघडलीच नाहीत वाटतं!" पैसे तरीही जुन्याचेच दिले.

आता जे कुणी सांगत नाही ते. ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन लायब्ररीचं, लॉगिन माग. कॉलेज सभासद असेल, तर इन्फ्लिबनेट या सरकारी ग्रंथालय-केंद्राच्या या योजनेत हजारो ई-पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. आमच्या वर्गात ते फक्त तिघांनी घेतलं होतं, आणि त्यातही पासवर्ड आठवत होता एकालाच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ई-पीजी पाठशाला या वेबसाइटवर अर्थशास्त्राचे पेपरवार पाठ आहेत, फुकट. इंग्रजी जड जात असेल तर आधी तिथला पाठ वाच, मग मूळ प्रकरणाला हात घाल. उलट क्रमाने मी दोन महिने घालवले.

आणि ग्रंथपालांना दुपारी भेट. सकाळी देवघेवीच्या खिडकीपाशी रांग असते, तेव्हा ते कुणाशीच धड बोलत नाहीत.