सकाळी सुरू न होणारी क्वालिस आणि मार्चमध्ये येणारा हप्ता

वाई येथील एका अनुदानित शाळेत शिक्षक असलेल्या ४४ वर्षांच्या वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे २००४ सालची डिझेल क्वालिस असून थंडी पडल्यापासून ती सकाळी पटकन सुरू होत नाही. वीस-पंचवीस सेकंद सेल्फ मारावा लागतो, मागून डोळे झोंबवणारा पांढरा धूर येतो आणि सुरू झाल्यावरही मिनिटभर गाडी थरथरते. एकदा गरम झाली की मात्र दिवसभर अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. गॅरेजवाल्याने पंप आणि नोझलचे पूर्ण काम सांगून ६५,००० रुपयांचा अंदाज दिला आहे. दुसरीकडे शोरूम जुन्या गाडीचे १ लाख १० हजार देऊन १३ लाखांची नवी सात आसनी गाडी द्यायला तयार आहे. त्यासाठी ११ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी मिळेल आणि उरलेले ९० हजार पतसंस्थेतून काढावे लागतील. जुन्या गाडीत ६५,००० घालावेत की नवी घ्यावी, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी, हप्त्यांची सोय सांगताना, ते लिहितात : ‘माझी पॉलिसी दहा वर्षांत दुप्पट होणार आहे, तोपर्यंत तिच्यावर कर्ज काढून गाडीचे हप्ते भरता येतील, असे बँकेतले साहेब म्हणाले.’ सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : सध्या यांपैकी काहीही करू नका. गाडीचा दोष काय आहे हे अजून कोणी तपासलेलेच नाही, आणि ज्या पॉलिसीच्या भरवशावर तुम्ही नवे कर्ज घ्यायला निघाला आहात, तिचे कागद साहेबांच्या बोलण्याशी जुळत नाहीत.

गाडीपासून सुरुवात करतो, कारण तुम्ही लक्षणे फार नेमकी लिहिली आहेत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. क्वालिसच्या २,४४६ सीसी इंजिनात ही हवा सुमारे २२ पट दाबली जाते आणि डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी वरच्या छोट्या कक्षात फवारले जाते. थंड इंजिनात त्या कक्षाच्या गार भिंती हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक असे चार हीटर प्लग दिलेले असतात. पांढरा, झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, फक्त पेटत नाही. पंपाचे आतले भाग झिजले असते तर त्रास बहुधा उलटा दिसला असता, कारण गरम झालेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या पंपातून निसटते आणि अशी गाडी दुपारी, गरम असताना रडते. तुमची गाडी गरम असताना झटक्यात सुरू होते. त्यामुळे ६५,००० रुपयांचे काम हा पहिला नव्हे, तर शेवटचा संशय असायला हवा होता.

डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा पेटतो, म्हणून हीटर चांगले आहेत असे तुम्ही गृहीत धरले आहे. त्या दिव्यावर विसंबू नका. दिवा ठरलेल्या वेळेपुरता पेटतो आणि विझतो. खाली प्लग तापले की नाही, हे तो सांगत नाही. इंजिनावर चारही प्लगांच्या डोक्यांना जोडणारी एक धातूची पट्टी असते. ती नट सोडून काढायला सांगा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून टेस्ट लॅम्पची वायर एकेका प्लगच्या टोकाला लावून पाहायला सांगा. दिवा पेटला तर प्लगच्या आतली तार शाबूत आहे, नाही पेटला तर तो प्लग मेला. चारपैकी दोन मेले तरी थंडीच्या सकाळी हीच लक्षणे दिसतात, मिनिटभराच्या थरथरीसकट, कारण सुरुवातीला दोनच सिलिंडर पेटत असतात. चारही प्लग चांगले निघाले, तर किल्ली फिरवल्यावर पट्टीपर्यंत करंट येतो का ते पाहावे; रिले किंवा फ्यूज गेलेला असू शकतो. चारही प्लग चांगल्या प्रतीचे नवे टाकले तरी तीन-चार हजारांत काम होते.

बॅटरी पाच वर्षांची आहे असे तुम्ही ओघात लिहिले आहे, पण ते महत्त्वाचे आहे. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. गेली, तर इंजिन हळू फिरते, दाबलेली हवा पुरेशी तापत नाही आणि हीटरलाही करंट कमी पडतो. नवी बॅटरी घेण्यापूर्वी अर्थिंगची केबल इंजिनाला आणि चेसिसला जिथे जोडली आहे, तिथला गंज घासून घ्या. त्यानंतर डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप सकाळी सेल्फ मारण्याआधी दाबून पाहा. तो लगेच कडक झाला नाही, तर रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरते आहे असे समजावे. फिल्टरपासून पंपापर्यंत काही दिवस पारदर्शक पाइप लावला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या तोंडाशी ‘स्टार्टिंग स्प्रे’ मात्र कोणालाही मारू देऊ नका. तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टनच्या रिंगा तोडू शकतो.

एवढे करूनही त्रास राहिला, तरच हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती तयार होतो ते, मोजून घ्या. त्याच वेळी टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि डिझेल पंप योग्य वेळी फिरवणारा दातेरी पट्टा) कधी बदलला होता ते पाहा, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही. या इंजिनाचा बेल्ट साधारण लाख किलोमीटरला बदलायचा असतो. तो एक दात सरकला तर डिझेल उशिरा फवारले जाऊन असाच पांढरा धूर येतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकून खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. बेल्टच्या बाबतीत अंदाज नको. नोंद सापडत नसेल तर बदलून टाका. प्लग, बॅटरी, फिल्टर आणि बेल्ट धरून २० ते २५ हजार रुपये बाजूला ठेवा. बचत खात्यात ४०,००० आहेत, त्यात हे बसते.

आता पॉलिसी. फोटोतल्या पानावर हप्ता १ लाख २० हजार, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत २० वर्षे, मिळणारी रक्कम २४ लाख आणि मुदतपूर्तीची तारीख मार्च २०४२ असे स्पष्ट छापलेले आहे. दहा वर्षांत तुम्ही फक्त भरणार आहात. दुप्पट होणार आहे ते विसाव्या वर्षी, तुमच्या साठीत. सगळे हप्ते मिळून पाहिले तर पैसा सरासरी साडेपंधरा वर्षे अडकून दुप्पट होतो, म्हणजे वर्षाला सुमारे साडेचार टक्के. गुंतवणुकीवर साडेचार मिळवायचे आणि गाडीसाठी साडेनऊने कर्ज काढायचे, ही योजना कोणा शिक्षकाला समोर बसवून सांगितली जाते याचा मला मनापासून राग येतो. आणि हप्त्यांच्या सोयीचे काय? ११ लाखांच्या कर्जाचा हप्ता महिन्याला १८,००० येतो. तुमचे हातात येणारे ६२,०००. त्यातून घराच्या कर्जाचे १४,०००, घरखर्चाचे ३०,००० आणि पॉलिसीचे महिन्याकाठी १०,००० गेले की उरतात ८,०००. वर्षाला १ लाख २० हजारांची तूट पडते, आणि पतसंस्थेचा हप्ता त्यात धरलेलाच नाही. चार हप्त्यांत तुम्ही ४ लाख ८० हजार भरले आहेत. त्यांवर हमीचे सरेंडर मूल्य (पॉलिसी मुदतीआधी मोडल्यास कंपनी देते ती रक्कम) निम्मे, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि त्यावर कर्ज मिळेल ते फार तर दोन लाख. ते दोन वर्षांच्या आत संपेल. गाडीचे हप्ते सात वर्षे चालतील.

ही पॉलिसी मार्च २०२२ मध्ये कर वाचवण्यासाठी घेतली, असे तुम्ही म्हणता. ते कारणही आता उरलेले नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, आणि तुमचे उत्पन्न त्याच्या बरेच आत आहे. सगळ्यांत गंभीर बाब मात्र विम्याची रक्कम. पानावर ती १२ लाख आहे. त्यातून घराचे उरलेले ९ लाखांचे कर्ज फिटले की पत्नी आणि दोन मुलांसाठी तीन लाख उरतात, म्हणजे दहा महिन्यांचा घरखर्च. वर्षाला सव्वा लाखाच्या घरात हप्ता भरणाऱ्या माणसाच्या कुटुंबाला एवढेच संरक्षण असावे, हे मला गाडीच्या धुरापेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करते.

म्हणून आधी ७५ लाखांचा साधा टर्म विमा घ्या, साठीपर्यंतचा; म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा, परताव्याशिवायचा विमा. निर्व्यसनी आणि निरोगी असाल तर तुमच्या वयाला वर्षाला वीस हजारांच्या आसपास हप्ता येईल, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. अर्जात रक्तदाब, साखर, तंबाखू, जे असेल ते खरे लिहा. तो विमा हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका.

त्यानंतर कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केल्यास किती, आणि पुढचे हप्ते थांबवून पेड-अप केल्यास, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच पॉलिसी चालू ठेवल्यास, २०४२ मध्ये किती. सरेंडर करावे असे अनेकांना वाटते, पण तुमच्या बाबतीत घाई नको. चार हप्त्यांच्या प्रमाणात कंपनीने २४ पैकी साडेनऊ लाख देण्याचे मान्य केले, तर आजचे २ लाख ४० हजार सोळा वर्षांत जवळपास चौपट होतात, म्हणजे सुमारे नऊ टक्के. तेवढा परतावा मिळत असेल तर पैसे तिथेच राहू द्यावेत. हप्ते मात्र चालू ठेवू नयेत. उरलेल्या सहा हप्त्यांचे ७ लाख २० हजार भरून २०४२ मध्ये जास्तीचे मिळतील साडेचौदा लाख. तेच हप्ते पीपीएफमध्ये गेले तर सध्याच्या ७.१ टक्के दराने अठरा लाख होतात, तेही करमुक्त. सरेंडर मूल्य बरेच जास्त किंवा पेड-अप रक्कम बरीच कमी निघाली, तर हे गणित बदलेल; म्हणून ते दोन आकडे मला पाठवा. कंपनी लेखी उत्तर देत नसेल, तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. ‘दहा वर्षांत दुप्पट’ हे कोणी, कधी सांगितले, याचा संदेश फोनमध्ये असेल तर तोही जोडा.

हप्ता थांबल्यावर महिन्याला १८,००० मोकळे होतात. पहिले सहा-सात महिने ते टर्म विम्याचा हप्ता सोडून सगळे बँकेच्या आवर्ती ठेवीत जाऊ द्या, म्हणजे लाखभराची गंगाजळी तयार होईल. त्यानंतर त्यातले १०,००० पीपीएफमध्ये न्यावेत.

नव्या गाडीचा विचार तेव्हा करू. तुमच्या गाडीचे पासिंग २०२९ पर्यंत आहे, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० झाले आहे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळपास सारखे निघाले, तर ही गाडी तोवर वापरा. एखाद्यात बरेच कमी निघाले, तर इंजिन उघडण्यात पैसे घालू नका. शोरूमने देऊ केलेल्या किमतीला ती बाहेर विकून चार लाखांच्या आतली वापरलेली पेट्रोल गाडी पाहा, आणि त्या व्यवहारात कर्ज दोन वर्षांपेक्षा लांबवू नका.