भाड्याच्या घरातील जुन्या सोफ्याला कमी खर्चात घरीच कव्हर कसे शिवावे?

सोफा घरमालकांचा असल्यामुळे त्याचे मूळ कापड उसवता येणार नाही आणि घरी साधे शिलाई मशीन आहे, असे आपण लिहिले आहे. अशा वेळी काढून धुता येईल अशी सुटी खोळ शिवणेच योग्य. तयार मिळणारी, ताणून बसवायची कव्हरे मी सुचवणार नाही. थोडी उठबस झाली की ती सरकतात आणि पुन्हा पुन्हा खोचत बसावे लागते.

कापड मध्यम जाडीचे सुती घ्यावे. जाड कॅनव्हास दुकानात भारदस्त दिसतो, पण पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही आणि शिवणीत चार पदर एकत्र आले की घरगुती मशीन अडते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटते, म्हणजे 2 मीटरला 6 ते 10 सेंटिमीटर. म्हणून ते बेतण्यापूर्वीच धुऊन, इस्त्री करून घ्यावे.

खरे काम बेतण्याचे आहे आणि त्यासाठी जुनी चादर वापरावी. पाठ, बैठक आणि हात यांवर चादरीचे वेगवेगळे तुकडे अंथरून, सोफ्याच्या मूळ शिवणींवर खडूने रेघा माराव्यात व चहूबाजूंनी इंचभर माया, म्हणजे शिवणीसाठीचे जादा कापड, सोडून ते कापावेत. पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे मात्र इंचभराने भागत नाही. दोन्ही तुकड्यांना पाच-सहा इंच जास्तीचे कापड ठेवावे, म्हणजे ते खाचेत खोल खोचता येते. त्यावर वर्तमानपत्राची घट्ट सुरळी दाबून बसवली, की माणूस बसला-उठला तरी कापड वर येत नाही. तुकडे धावदोऱ्याने जोडून सोफ्यावर चढवून पाहावेत, चुण्या पडतील तिथे दुरुस्ती करावी आणि मगच ते उसवून नव्या कापडावर ठेवावेत. सोफ्याच्या हाताच्या गोलाईवर मायेला छोटे काप द्यावेत, नाहीतर शिवण ओढली जाते.

सुई 16 नंबरची लावावी. सुट्या गाद्यांच्या खोळींना चेन मागच्या बाजूने लावून दोन्ही कोपऱ्यांवरून दोन-तीन इंच पुढे न्यावी, म्हणजे फोम आत घालताना खोळीची शिवण उसवत नाही.

उरलेल्या कापडाचे उशांचे अभ्रे होतील, पडदे मात्र त्याचेच करू नयेत, कारण सगळी खोली एकरंगी दिसू लागते. त्यासाठी घरातली जुनी सुती साडी पुरते; तिला फक्त अस्तर लावावे, कारण विरलेले सूत उन्हाने लवकर फाटते.